रक्तप्रवाहाचा क्षीण स्वर : डॉपलर चित्रणातील ‘संकेतशुद्धी’चे एक परीक्षण

डॉपलर परिणामावर आधारलेल्या वैद्यकीय चित्रणासंबंधी गेल्या चार दशकांत जे संशोधनपर लेखन झाले, त्यात ‘संकेताचा दर्जा सुधारला’ असे विधान इतक्या वारंवार येते की ते वाचताना दर्जा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारावयाचे वाचक विसरूनच जातो. चित्र अधिक स्वच्छ दिसू लागले म्हणजे दर्जा सुधारला काय? मोजलेला वेग खऱ्या वेगाच्या अधिक जवळ आला म्हणजे सुधारला काय? की पूर्वी न दिसणारी वाहिनी आता दिसू लागली म्हणजे सुधारला? या तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत आणि पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. प्रस्तुत लेखात या विषयावरील काही प्रमुख निबंधांचे परीक्षण याच दृष्टीने करावयाचे योजिले आहे.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. ख्रिश्चन डॉपलर याने १८४२ साली प्राग येथे आपला निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी होता. त्यातील तत्त्व खरे ठरले. ताऱ्यांच्या रंगांचे जे स्पष्टीकरण त्याने त्यावरून दिले ते मात्र टिकले नाही. तत्त्व बिनचूक असूनही त्याचा विनियोग चुकू शकतो, हे या शास्त्राच्या जन्माबरोबरच दिसून आले होते, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९५७ मध्ये ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग करून हृदयाच्या हालचाली तपासण्याची पद्धती अमेरिकन ध्वनिकी संस्थेच्या नियतकालिकात मांडली. १९६१ मध्ये फ्रँकलिन, श्लेगेल व रश्मर यांनी रक्ताकडून परत प्रकीर्ण होणाऱ्या ध्वनीच्या कंप्रतेतील फरकावरून रक्ताचा वेग मोजून दाखविला.

या दोन निबंधांत जे अंतर आहे ते केवळ चार वर्षांचे नव्हे. सातोमुरा यांना हवा होता तो हृदयाच्या भिंतींचा व झडपांचा प्रतिध्वनी. रक्तप्रवाह मोजू पाहणाऱ्याला नेमका तोच नको असतो. आजच्या परिभाषेत त्याला ‘क्लटर’ म्हणतात. आपण त्याला ऊतीचा प्रतिध्वनी म्हणू. पुष्कळ लेखक त्याची गणना गोंगाटात करतात, ती आम्हांस मान्य नाही. गोंगाट यादृच्छिक असतो. त्याला काही सांगावयाचे नसते. ऊतीचा प्रतिध्वनी हा सर्वस्वी खरा संकेत आहे. तो फक्त आपल्या प्रश्नाचे उत्तर नसतो इतकेच. एडिंबरो येथील मॅकडिकेन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये तोच त्याज्य प्रतिध्वनी पुन्हा हाती घेऊन हृत्स्नायूच्या वेगाचे रंगीत चित्र काढले. तेव्हा शुद्धी ही संकेताच्या अंगची गोष्ट नसून प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूशी निगडित असते. हा हेतू स्पष्ट न करता शुद्धीचे दावे करणारे निबंध आम्हांस अपुरे वाटतात.

अडचण किती मोठी आहे हे आकड्यांवरून ध्यानात येईल. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, तर ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची ऊतीतील तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. इतक्या सूक्ष्म कणांकडून परत येणारा ध्वनी अत्यंत दुबळा असतो. भोवतालच्या ऊतीचा प्रतिध्वनी त्याहून सामान्यतः ४० ते ६० डेसिबेलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने दहा हजार ते दहा लक्ष पटींनी, बलवान असतो. कंप्रता वाढविली तर पेशींचे प्रकीर्णन कंप्रतेच्या चौथ्या घाताने वाढते हे खरे. परंतु क्षीणनही वाढते. दर सेंटिमीटरला व दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबेल धरला, तर ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी पाच सेंटिमीटर खोल जाऊन परत येईतो २५ डेसिबेल गमावून बसतो. मग ध्वनीची शक्तीच का वाढवू नये? तर तेथे रोग्याच्या सुरक्षिततेची मर्यादा आड येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घातलेली दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॅट ही मर्यादा सर्वपरिचित आहे, आणि एकाच जागी स्पंद रोखून धरणाऱ्या डॉपलर तपासणीत, विशेषतः गर्भाच्या बाबतीत, त्या मर्यादेपर्यंत जाणेही शहाणपणाचे नव्हे. सारांश, बळ वाढविण्याचे मार्ग लवकरच संपतात, आणि उरतो तो निवडीचा मार्ग: नको ते गाळून टाकणे.

गाळण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे भित्ति-छानक, ज्याला तपासणी करणारे ‘वॉल फिल्टर’ या नावाने ओळखतात. वाहिनीची भिंत सावकाश हलते, रक्त वेगाने वाहते. म्हणून विशिष्ट कंप्रतेखालील सारे काही टाकून द्यावे, ही त्यामागील सरळ कल्पना. ती किती सरळ आणि किती धोक्याची आहे हे नाळेतील रोहिणीच्या तपासणीवरून दिसते. निरोगी गर्भावस्थेत हृदयाच्या शिथिलनकाळाच्या अखेरीसही या रोहिणीतून रक्त वारेकडे पुढे वाहत असते. वारेतील रोध वाढला की हा अंत्य प्रवाह घटतो, पुढे नाहीसा होतो आणि अखेरीस उलटाही वाहू लागतो. वाढ खुंटलेल्या गर्भात हा प्रवाह नाहीसा होणे हे गंभीर चिन्ह मानतात. प्रसूती केव्हा घडवून आणावयाची या निर्णयात त्याचा मोठा वाटा असतो. आता असे समजा की ३ मेगाहर्ट्झचा प्रोब आहे, प्रवाहाशी ६० अंशांचा कोन झाला आहे आणि त्या क्षणी रक्ताचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर आहे. कंप्रतेतील फरक होतो सुमारे ९७ हर्ट्झ. छानक १०० हर्ट्झवर ठेवला असेल तर हा प्रवाह पडद्यावर दिसणारच नाही. आलेख मात्र अतिशय स्वच्छ येईल: आधाररेषेजवळचा सारा कचरा गेलेला, शिखरे ठसठशीत. प्रसूतिशास्त्रातील श्राव्यातीत चित्रणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हा छानक शक्य तितका खाली, ५० ते ६० हर्ट्झच्या आत, ठेवावा असे सांगितले आहे ते याचसाठी. चित्राची स्वच्छता आणि त्याची सत्यता यांतील विरोध याहून अधिक उघडपणे क्वचितच दिसावा.

मानेतील ग्रीवारोहिणीच्या बाबतीतही हाच प्रसंग उद्भवतो. वाहिनी पूर्णपणे बंद झाली आहे की तीतून एखादी क्षीण धार अद्याप वाहते आहे, यावर शस्त्रक्रियेचा विचार अवलंबून असतो. आणि ती क्षीण धार हीच छानकाची पहिली शिकार होते.

आता रंगीत प्रवाहचित्रणाकडे वळू. कासाई, नामेकावा, कोयानो व ओमोतो यांचा १९८५ चा निबंध हा या क्षेत्रातील पायाचा दगड होय. प्रत्येक बिंदूवर संपूर्ण वर्णपट काढण्याइतका अवधी त्या काळच्या यंत्रांना नव्हता. या लेखकांनी असे दाखविले की लागोपाठच्या दोन स्पंदांमधील आत्मसहसंबंध काढला, तर त्याच्या कलेवरून सरासरी वेग आणि त्याच्या परिमाणावरून वेगांचा विस्तार असे दोन्ही मिळतात. प्रोबकडे येणारे रक्त तांबडे, दूर जाणारे निळे, प्रवाह खळबळीचा असेल तेथे हिरव्याची छटा: आज दवाखान्यादवाखान्यांतून दिसणारी ही भाषा तेव्हाच घडली. निबंधाची संक्षिप्तता आणि त्यातील गणिताची मितव्ययिता आजही मन प्रसन्न करते. असे निबंध आता फारसे लिहिले जात नाहीत.

तथापि या पद्धतीचे एक वैगुण्य तिच्या सौंदर्यातच दडलेले आहे. ती सरासरी काढते. आणि सरासरीत कोण कोण सामील आहे हे तिला ठाऊक नसते. छानकातून निसटलेला ऊतीचा प्रतिध्वनी शून्य कंप्रतेवर असून त्याची शक्ती रक्ताच्या संकेताइतकीच आहे, असे धरा. रक्ताची कंप्रता ६०० हर्ट्झ असेल तर पद्धती निःशंकपणे ३०० हर्ट्झ सांगेल, म्हणजे वेग नेमका निम्मा. याच्या उलट, छानक कडक केला आणि त्याने रक्ताच्या वर्णपटाचा खालचा भाग खाल्ला, तर उरलेल्या भागाची सरासरी वर सरकेल आणि वेग खऱ्याहून अधिक येईल. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, आणि दोन्ही प्रसंगी पडद्यावर सारखाच आकर्षक रंग! कासाई प्रभृतींनी रडारच्या शास्त्रातून उचललेला साधा वजाबाकीचा छानक वापरला होता. पायाच्या निबंधात एवढे पुरे होते. दोष आहे तो त्यांच्यामागून आलेल्या आणि रंगांनाच मापन समजून बसलेल्या लेखकांचा.

या पार्श्वभूमीवर ब्यारुम, टोर्प व क्रिस्टोफरसेन या नॉर्वेतील संशोधकांचा २००२ चा निबंध आम्हांस विशेष आदरणीय वाटतो. रंगीत चित्रणात प्रत्येक बिंदूला केवळ ८ ते १६ नमुने मिळतात, ही अडचण त्यांनी आरंभीच पुढे ठेवली. ती किती खरी आहे पाहा: सेकंदाला १००० स्पंद सोडून आठ नमुने घेतले तर निरीक्षणाचा काळ आठ मिलिसेकंद, आणि कंप्रतेतील सूक्ष्मदर्शित्व सुमारे १२५ हर्ट्झ. ५ मेगाहर्ट्झवर व ६० अंशांच्या कोनात याचा अर्थ सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर. त्याहून मंद प्रवाह आणि भिंतीची हालचाल यांना एवढ्या अवधीत वेगळे ओळखणे दुरापास्त. या लेखकांनी छानकांचे तीन वर्ग घेऊन तपासले, आणि तपासले ते चित्राच्या देखणेपणावरून नव्हे, तर छानकाचा कंप्रता-प्रतिसाद कसा आहे आणि वेगाच्या अनुमानात किती पक्षपात व किती विचलन शिरते यावरून. त्यांचा निष्कर्षही नेमस्त आहे: प्रत्येक वर्गातील उत्तम छानक पक्षपात व विचलन यांच्या दृष्टीने जवळजवळ तुल्यबळ ठरतात, बहुपदीच्या आधारे ऊतीचा मंद बदल वजा करणारे छानक, आणि आरंभीच्या अवस्थेची योग्य योजना केलेले पुनरावर्ती छानक, प्रतिसादात किंचित सरस आहेत. ‘किंचित सरस’ असे लिहिण्यास एक प्रकारचे धैर्य लागते. संशोधनपत्रांत हे शब्द दुर्मिळ झाले आहेत.

रुबिन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये पुरस्कारिलेल्या पॉवर डॉपलरचा येथे उल्लेख करावयास हवा. वेगाऐवजी प्रकीर्ण शक्तीच रंगात दाखविली तर गोंगाट एकसमान मंद पार्श्वभूमीत विरतो आणि लहान वाहिन्या अधिक सलग दिसतात. कोनावरील अवलंबनही कमी होते. परंतु हा लाभ दिशा व वेग यांचे ज्ञान सोडून देऊन मिळविलेला आहे. लेखकांनी आपल्या शीर्षकात या पद्धतीला ‘संभवतः उपयुक्त’ पर्याय म्हटले आहे, हे त्यांच्या विवेकाचे लक्षण. येथे प्रश्नच बदलला आहे, आणि तो बदलल्याचे उघड सांगितले आहे. म्हणून आमची तक्रार नाही.

खरी क्रांती झाली ती पॅरिसमध्ये. एकेका रेषेवर ध्वनी केंद्रित करण्याऐवजी सपाट तरंग सोडून संपूर्ण क्षेत्र एकदम उजळावयाचे, वेगवेगळ्या कलांतून मिळालेली चित्रे सुसंगतपणे मिळवावयाची, आणि सेकंदाला शेकडो पूर्ण चित्रे घ्यावयाची. मोंताल्दो प्रभृतींनी २००९ मध्ये व बेरकॉफ प्रभृतींनी २०११ मध्ये हा मार्ग मोकळा केला. आता प्रत्येक बिंदूला आठ नव्हे तर दोनशे नमुने मिळू शकतात. सेकंदाला ५०० चित्रे ०.४ सेकंद घेतली तर सूक्ष्मदर्शित्व १२५ वरून अडीच हर्ट्झवर येते. गाळणीची सारी दरिद्री अर्थव्यवस्था एका रात्रीत श्रीमंत झाल्यासारखे हे आहे.

या श्रीमंतीचा उपयोग देमेने व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये कसा केला, ते थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक चित्र एका स्तंभात मांडून त्यांचा एक विशाल आव्यूह करावयाचा आणि गणितात सिंग्युलर व्हॅल्यू डीकॉम्पोझिशन या नावाने प्रसिद्ध असलेल्या क्रियेने त्याचे घटक पाडावयाचे. ऊती मोठ्या प्रदेशावर एकजुटीने हलते, म्हणून ती पहिल्या काही बलवान घटकांत गोळा होते. रक्त मधल्या घटकांत येते. गोंगाट शेपटाकडे राहतो. पहिले घटक काढून टाकले की रक्त उरते. केवळ कालातील मंदपणा न पाहता अवकाशातील एकजूट पाहावयाची, ही दृष्टी खरोखर मौलिक आहे. भिंतीइतक्याच मंद गतीने वाहणारे रक्त जुन्या छानकाला कधीच वेगळे करता आले नसते. येथे ते होऊ शकते. मेंदूतील लहान वाहिन्यांची जी चित्रे या पद्धतीने मिळाली ती पाहून कोणीही थक्क व्हावे, आणि आम्हीही झालो.

परंतु थक्क होणे हे परीक्षण नव्हे. या पद्धतीविषयी एक साधा प्रश्न विचारून पाहावा: ती कोणत्या वेगाखालील प्रवाह गाळून टाकते? जुन्या भित्ति-छानकाला याचे उत्तर देता येत होते. ते उत्तर गैरसोयीचे असेल, पण हर्ट्झमध्ये लिहिता येत होते. नव्या पद्धतीला असे एक उत्तर नाही. किती घटक काढावयाचे हे माहितीवर अवलंबून असते, आणि माहिती रोग्यागणिक, श्वासागणिक, प्रोब धरणाऱ्या हाताच्या कंपागणिक बदलते. बरांजे प्रभृतींनी २०१८ मध्ये ही सीमा घटकांच्या अवकाशीय साम्यावरून आपोआप ठरविण्याची रीत दिली. ती उपयुक्त आहे, कारण तपासणाऱ्याच्या लहरीला तीमुळे आळा बसतो. पण सीमा आपोआप ठरली म्हणजे ती बरोबर ठरली असे होत नाही. शिवाय मूळ गृहीतकच काही ठिकाणी डळमळते. मोठ्या वाहिनीत विस्तृत प्रदेशावर एकसमान वाहणारे रक्तही ‘एकजुटीने’ हलते. आणि स्नायूचा एखादा आकस्मिक झटका एकजुटीने होत नाही. पहिल्या प्रसंगी रक्त ऊतीबरोबर जाईल, दुसऱ्या प्रसंगी ऊती रक्त म्हणून उरेल.

देमेने प्रभृतींनी शीर्षकात संवेदनशीलता पुष्कळ वाढल्याचे म्हटले आहे. ते खरे आहे. पण संवेदनशीलता वाढली म्हणजे ‘येथे प्रवाह नाही’ या विधानाची विश्वासार्हता त्याच प्रमाणात वाढली असे कोणी समजू नये. नाळेच्या रोहिणीचे जे उदाहरण वर दिले त्यात वैद्याला हवे असते ते नेमके हेच नकारार्थी विधान. प्रवाह दाखविणारी पद्धती आणि प्रवाहाचा अभाव सिद्ध करणारी पद्धती यांच्या कसोट्या वेगळ्या असावयास हव्यात, हा भेद या साहित्यात आम्हांस पुरेसा ठसलेला दिसत नाही.

आता मापदंडांविषयी. एखाद्या नव्या छानकाची थोरवी सांगताना बहुतेक लेखक वाहिनी आणि पार्श्वभूमी यांतील फरक डेसिबेलमध्ये देतात. हा आकडा किती लवचीक आहे हे एका क्षुल्लक प्रयोगाने कळते. वाहिनी पार्श्वभूमीहून १० डेसिबेलने उजळ आहे असे चित्र घ्या आणि प्रत्येक बिंदूच्या मूल्याचा वर्ग करा. फरक २० डेसिबेल झाला! नवी माहिती तिळभरही आली नाही. पूर्वी ओळखू न येणारी वाहिनी आताही ओळखू येणार नाही. करड्या छटांच्या चित्रणात हाच भ्रम कसा पसरला होता ते रिंडाल प्रभृतींनी २०१९ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी रॉद्रिगेझ-मोलारेस प्रभृतींनी त्यावर उताराही दिला: दोन प्रदेशांतील मूल्यांचे वितरण परस्परांवर किती आच्छादते एवढेच मोजावे, म्हणजे छटांच्या अशा ताणाताणीने मापदंड फसत नाही. हा मापदंड मुळात डॉपलरसाठी रचलेला नाही हे मान्य. तरी शक्ती-चित्रांना तो लावून पाहण्यात कोणती अडचण आहे हे आम्हांस उमगत नाही. कदाचित आकडे एवढे भव्य येणार नाहीत, ही अडचण असेल.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे कोन. संकेत गोंगाटापासून सर्वस्वी मुक्त असला तरी कोन चुकला की वेग चुकतो. प्रत्यक्षात ६५ अंशांचा कोन असता तो ६० धरला तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी येतो. ७५ असता ७० धरला तर २४ टक्क्यांनी. आणि ३५ असता ३० धरला तर अवघ्या ५ टक्क्यांनी. ग्रीवारोहिणीच्या आकुंचनासाठी २००३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी एकमताने जे निकष सुचविले त्यांत सेकंदाला १२५ सेंटिमीटर व २३० सेंटिमीटर या मर्यादा आहेत. पंधरा टक्क्यांच्या चुकीने रोगी एका वर्गातून दुसऱ्यात सहज सरकतो. त्यातच प्रोबच्या रुंद मुखामुळे एकच रक्तकण एकाच वेळी अनेक कोनांतून ‘दिसतो’, वर्णपट पसरतो आणि शिखरवेग वाढून येतो, याची भर. अशा स्थितीत गोंगाट आणखी तीन डेसिबेलने घटविल्याचा आनंद कितपत मानावा?

आमची अपेक्षा फार मोठी नाही. नव्या छानकाचा पुरस्कार करणाऱ्या निबंधात ज्ञात वेगाने सरकणाऱ्या दोऱ्यावर किंवा नळीतील प्रवाहावर घेतलेली मापे द्यावीत. पक्षपात व विचलन वेगवेगळे सांगावेत. सर्वांत मंद कोणता प्रवाह टिकला आणि कोणता गेला हे सेंटिमीटर-सेकंदांत लिहावे. निवडक एका चित्राऐवजी न जमलेली दोन चित्रेही छापावीत. यांतील पक्षपात व विचलन यांची गोष्ट ब्यारुम प्रभृतींच्या कसोटीत आलीच आहे, त्यामुळे ती अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

यंत्र बनविणाऱ्यांकडूनही एक गोष्ट हवी आहे. पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर भित्ति-छानकाची स्थिती ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ एवढ्याच शब्दांत दाखविलेली असते. त्यांतील ‘लो’ म्हणजे ४० हर्ट्झ की १२०, हे छापील आलेख हाती घेऊन बसलेल्या प्रसूतितज्ज्ञाला कळावयास मार्ग नसतो; आणि स्पंदांची आवृत्ती बदलली की कित्येक यंत्रांत तो आकडा तपासणाऱ्याच्या नकळत बदलतो. आलेखाच्या कोपऱ्यात रोग्याचे नाव, तारीख, खोली आणि कोन यांच्या शेजारी त्या एका आकड्यापुरती जागा खात्रीने असते.